माद्रिदला जाताय? मग एक रात्र अल्माग्रोत काढा

फुटबॉलपायी माद्रिद गाठणारी पोरं कोल्हापुरात कमी नाहीत. रिआल माद्रिदचं बर्नाब्यू स्टेडियम बघा, फोटो टाका, पण त्यातनंच एक रात्र काढून अल्माग्रोला जावा. स्पेनच्या ला मान्चा भागातलं नऊ-एक हजार वस्तीचं गाव आहे, माद्रिदहून ट्रेननं जाता येतं पण डायरेक्ट गाड्या मोजक्याच, त्यामुळं परतीचं तिकीट आधीच काढून ठेवायचं.

ऐन दुपारी पोचू नका. दोन ते पाच दुकानांना कुलपं, आणि जुलैत ऊन असलं की बोलायची सोय नाही. ऊन उतरलं की प्लाझा मायोरवर जायचं. चौक लांबुळका, दोन्ही अंगाला दगडी खांब आणि त्यावर हिरव्या रंगाचे, काचा लावलेले दोन मजली लाकडी सज्जे. आता एवढ्याशा गावात एवढा पैसा आला कुठनं? तर 16व्या शतकात फुगर नावाचे जर्मन सावकार याच प्रांतातल्या अल्मादेनच्या पाऱ्याच्या खाणी चालवायचे, त्यांचा कारभार या गावात होता आणि पारा जायचा अमेरिकेत, चांदी काढायला. त्यांचं गोदाम अजून उभं आहे, एक चक्कर टाका. लेसचं म्युझियम वेळ उरला तर.

खरा वेळ द्यायचा तो चौकातच असलेल्या कोराल दे कोमेदियासला. 1628 चं नाट्यगृह, वर उघडं आभाळ, लाल लाकडी खांब, अंगणात विहीर. पुरुष खाली उभ्यानं नाटक बघायचे, बायकांचा सज्जा वेगळा. मधे हे सगळं लोकांच्या विस्मरणात गेलेलं, 1950 च्या दशकात दुरुस्ती करताना परत सापडलं आणि आजही इथं प्रयोग होतात. केशवराव भोसले नाट्यगृहात नाटकं बघत वाढलेल्या माणसानं नुसतं तिकीट काढून आत डोकावून यायचं म्हणजे काय अर्थ नाही, प्रयोगच बघा, भाषा कळली नाही तरी चालतंय. जुलैत मोठा नाट्यमहोत्सव असतो, 1978 पासून चालू आहे, त्या दिवसांत यायचं असेल तर रूम आणि तिकीट दोन्ही लई आधी बुक करा, नाहीतर बसा बाहेर.

जेवताना बेरेनहेनास मागवा. भरल्या वांग्याएवढीच बारकी वांगी, व्हिनेगर, जिरं, लसणात मुरवलेली, पोटात लाल मिरचीची पट्टी आणि ती निसटू नये म्हणून बडीशेपेच्या काडीनं टोचलेली. काडी खायची नाही, देठाला धरून वांगं तोडायचं. आंबट लागतंय, तिखट नाही, तेव्हा आपला ठेचा सोबत असलेला बरा. बरणी घेतलीत तर चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेतनं बरणीतलं पाणी विमानात नेऊ देत नाहीत.