खजुराचं सिरप वापरताय? मग या चुका टाळा

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे रेसिपीत एक कप साखर लिहिलीय म्हणून एक कप खजुराचं सिरप ओतणं. जरा हिशोब करून बघा, एक कप साखर भरते साधारण २०० ग्रॅम, आणि सिरप इतकं जड असतं की तोच कप ३०० ग्रॅमच्या वर जातो, त्यातला जवळपास ७० टक्के भाग साखरच, म्हणजे कमी करायला निघालो आणि साखर उलट वाढली, वर पाणी पडलं ते वेगळंच. मग केक आतून ओला चिकट राहतो. म्हणून एक कप साखरेला दोन तृतीयांश कप सिरप घ्या आणि दूध-पाणी ३-४ टेबलस्पून कमी करा. शक्य असेल तर वजनकाटाच वापरा, कारण कपाला बरंच चिकटून राहतं.

ओव्हनचं तापमानही बदलावं लागतं. या सिरपमधे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोकळे असतात, ते साध्या साखरेच्या आधी लाल होतात, त्यामुळे वरून करपलंय आणि आत कच्चं असं होतं. १८० ऐवजी १६५ डिग्रीला ठेवा, वेळ थोडा जास्त द्या.

कुरकुरीत कुकीज मात्र यातून नीट होत नाहीत, हे मी स्पष्टच सांगते. सिरप हवेतला ओलावा ओढून घेतं, दुसऱ्या दिवशी त्या मऊ पडणारच. शिवाय बटर आणि साखर फेटताना साखरेच्या दाण्यांमुळे जी हवा भरली जाते ती इथे भरत नाही, त्यामुळे हलका स्पंज हवा असेल तर निम्मी साखर राहू द्या. ब्राउनी, मफिन, ग्रॅनोला यात मात्र खजुराची चव फार सुंदर लागते!

दूध फाटतंय? सिरप थोडं आंबट गुणाचं असतं, उकळत्या दुधात टाकलं की फाटू शकतं. गॅस बंद करा, दूध जरा निवू द्या, मग घाला.

आता घरी केलेल्या सिरपबद्दल, कारण इथे खरंच काळजी वाटते. भिजवलेले खजूर नुसते मिक्सरमधून काढले की ती पेस्ट झाली, सिरप नाही. सिरपसाठी खजूर पाण्यात शिजवून, कपड्यातून गाळून, तो रस मंद आचेवर आटवावा लागतो, आणि घाईत पातळच उतरवला तर तो आंबतो. बुडबुडे दिसले, आंबूस वास आला किंवा झाकण उघडताना फस्स झालं तर सरळ फेकून द्या, परत उकळून वापरू नका. बाटली कोरडी, चमचा कोरडा, आणि फ्रीजमधेच ठेवायचं. तळाला दाणे धरले तर ते खराब नाही, बाटली कोमट पाण्यात ठेवा, विरघळतात.

विकतचं घेताना घटक वाचा, फक्त खजूर किंवा खजूर आणि पाणी एवढंच असावं, ग्लुकोज सिरप दिसलं तर ठेवून द्या.

आणि प्लीज, नॅचरल आहे म्हणून मनसोक्त ओतू नका, विशेषतः घरात डायबिटीस असेल तर. गाळताना खजुराचा बहुतेक फायबर चोथ्यात जातो, पोटॅशियमसारखी खनिजं थोडी राहतात, पण एका टेबलस्पूनमधे १४ ग्रॅमच्या आसपास साखर असतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनात सिरपमधली साखरही मोजली जाते, आणि २००० कॅलरीच्या आहारात तिची मर्यादा येते दिवसाला ५० ग्रॅम, जमलं तर २५. म्हणजे दोन टेबलस्पूनमधेच २५ चा आकडा पार.