खडकीच्या वॉर सेमेट्रीत जाताय? या चुका टाळा

वॉर सेमेट्री म्हणजे महायुद्धांत गेलेल्या सैनिकांची दफनभूमी. इथली कोरीव अक्षरं नीट वाचता येत नाहीत म्हणून समाधीच्या दगडावर खडू किंवा पीठ चोळू नका. फोटोसाठी काही जण हे हमखास करतात. एका उत्साही गटाने रांगोळीची पूड फासली, फोटो काढले आणि वरून बाटलीभर पाणी ओतलं. खाचांमध्ये लगदा बसला, मग एकाने भांड्याची घासणी काढली! घासणीने कडा झिजतात आणि अक्षरं आणखीच पुसट होतात. त्यापेक्षा मोबाइलचा टॉर्च दगडाच्या कडेला, जवळजवळ टेकवून तिरका धरा. खाचांत सावली पडली की नाव आपोआप उठून दिसतं. हळद-कुंकू, दूध, तेलाचा दिवाही दगडावर नको, डाग आत मुरतात. श्रद्धा असेल तर नुसतं मनात नाव घ्या.

दुसरी चूक म्हणजे समाधीचा नंबर न घेता जाणं. ‘गेल्यावर शोधू’ म्हणणारे तासभर उन्हात फिरून वैतागतात आणि परततात. इथे दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 समाधी आहेत. शिवाय 1962 मध्ये मुंबईहून आणून इथे पुन्हा दफन केलेले पहिल्या महायुद्धातले 629 सैनिक. या समाधींची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर नाव टाका आणि प्लॉट, रांग, समाधी क्रमांक असे तिन्ही लिहून घ्या. स्पेलिंग जुनं असतं: खडकीचं ‘किरकी’, मराठाचं ‘महरट्टा’. नावाने सापडलं नाही तर सर्व्हिस नंबरने (सैनिकाच्या लष्करी क्रमांकाने) शोधा.

समाधी नाही म्हणजे नोंद नाही, असंही समजू नका. व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य पुरस्कार मिळवणारे यशवंत घाडगे 1944 मध्ये इटलीत धारातीर्थी पडले, त्यांचं नाव तिथल्या कॅसिनो मेमोरियलवर, म्हणजे समाधी नसलेल्यांच्या नावांच्या स्मारकावर आहे. अशा नावं कोरलेल्या भिंतींवर आधी रेजिमेंट पाहा, मग हुद्दा, शेवटी आडनाव.

फुलं पायथ्याशी ठेवा, प्लास्टिकचा कागद काढून. तारेचा हार दगडाला अडकवू नका, गंजाचे ओघळ उतरतात. वाफ्यातून चालू नका, रांगांमधल्या हिरवळीवरून चाला. चपला काढायची गरज नाही. तिथल्या मोठ्या दगडी क्रॉसच्या पायऱ्यांवर डबा उघडून बसू नका. प्री-वेडिंग शूटबद्दल तर बोलायलाच नको.

11 नोव्हेंबरला, म्हणजे पहिलं महायुद्ध थांबलं त्या दिवशी, सकाळी 11 वाजता दोन मिनिटं स्तब्धता पाळतात. त्या दिवशी गेलात तर फोन सायलेंट नाही, बंदच करा. व्हायब्रेशनही शांततेत ऐकू येतं.