कॅराव्हॅनच्या संडासटाकीचा वास: उन्हाळ्यात आणि कमी पाण्यात काय करावं

टाकीत पाणी कमी पडलं की वास सुटतो. कॅराव्हॅनमधल्या संडासाच्या बहुतेक तक्रारी शेवटी इथंच येऊन थांबतात, आणि मराठवाड्यात ही चूक हमखास होते. पाणी जपून वापरणं इथं अंगात मुरलेलं आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस काढलेला माणूस तांब्याभर पाण्यातच भागवणार. घरी ते खपून जातं, कारण पाईपला उतार असतो आणि मैला वाहत सेप्टिक टँकपर्यंत जातो. गाडीत टाकी भांड्याच्या थेट खाली असते. पडलेलं जिथल्या तिथं राहतं, त्याचा ढीग होतो, ढिगाचं टोक पाण्यावर येऊन वाळतं आणि मग दोनचारदा टाकी रिकामी केली तरी तो ढीग हलत नाही.

पाण्याखाली बुडालेला मैला हळूहळू विरघळतो आणि त्यातून निघणारा वायू काही प्रमाणात पाण्यातच राहतो. उघड्या ढिगावर असलं काही आवरण नसतं. सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाईडचा, आणि डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा. पहिला हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंकडून येतो. त्यांना ३० ते ४० अंशांची ऊब फार मानवते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ वर असताना डांबरी रस्त्यावर उभ्या गाडीच्या पोटातली टाकी या जिवाणूंना अगदी सोयीची. डिसेंबरात वेरूळ-अजिंठा फिरताना जी टाकी पाच-सहा दिवस कुरकुर करत नाही, ती मेमध्ये तिसऱ्या दिवशी बोलायला लागते.

म्हणून टाकी रिकामी केल्याबरोबर तळाला पाणी टाकायचं. किती, ते टाकीच्या तळावर ठरतं. समजा टाकी ७५ सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि २० उंच आहे, म्हणजे ९० लिटरची. तळाचं क्षेत्रफळ ४,५०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एक सेंटिमीटर उंचीला साडेचार लिटर पाणी लागतं. तळ किमान अडीच सेंटिमीटर बुडला पाहिजे, म्हणजे साधारण ११ लिटर. उन्हाळ्यात तीन सेंटिमीटर धरा, साडेतेरा लिटर. घरातली मोठी बादली पुरते. त्यानंतर मोठ्या विधीला दर वेळी तीन-चार लिटर पाणी आत गेलं पाहिजे. आपल्याकडे कागदाऐवजी पाणी वापरतात ही जमेची बाजू, टाकीत लगदा साचत नाही. जेट स्प्रे मात्र दिसतो त्यापेक्षा जास्त पाणी पितो, त्यामुळे टाकी लवकर भरते. चार माणसांच्या कुटुंबात रोजचे २५ लिटर सहज होतात. तळाचं पाणी धरून ९० लिटरची टाकी तीन दिवसांत भरत येते, आणि उन्हाळ्यात तशीही ती तीन दिवसांपलीकडे ठेवू नये.

आता एवढं पाणी आणायचं कुठून? टाकीला पिण्याचं पाणी लागत नाही. आंघोळीचं पाणी घमेल्यात धरा आणि तेच भांड्यातून ओता. निघताना घरच्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी दोन कॅनमध्ये भरून घ्या. तांदूळ धुतलेलं किंवा खरकटं पाणी मात्र टाकू नका, ते आत जाऊन आंबतं आणि वासात भरच घालतं.

वास केव्हा येतो यावरून दोष शोधावा

फवारे मारण्याआधी एक दिवस नुसतं लक्ष ठेवा. फक्त फ्लश करताना भपकारा येत असेल, तर आधी छतावरचा एक्झॉस्ट पंखा बंद करून पाहा. पंखा चालू असला की गाडीतली हवा बाहेर ओढली जाते आणि भांड्याची झडप उघडताच तिची जागा घ्यायला टाकीतली हवा वर येते. दुर्गंधी जावी म्हणून लावलेला पंखाच दुर्गंधी आत ओढतो. फ्लशआधी पंखा बंद, खिडकी उघडी, आणि झडप बंद झाल्यावर पुन्हा पंखा चालू. हा क्रम घरातल्या सगळ्यांना शिकवा, पाहुण्यांना तर आधी.

भांड्याजवळ सतत वास येत असेल तर भांड्यात तांब्याभर पाणी ठेवून तासाभरानं पाहा. पाणी उतरलं असेल तर झडपेचं रबर गळतंय. बहुतेक वेळा रबराच्या खाचेत खर, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा थर, बसलेली असते. जुना दातांचा ब्रश आणि कोमट साबणपाण्यानं खाच घासून घ्या, वाळू द्या आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. व्हॅसलिन किंवा इंजिनचं ग्रीस लावू नका, त्यानं रबर फुगतं. तरीही गळत असेल तर रबर बदलायला हवं. पाणी टिकतंय पण बुडाशी वास आहे, तर भांडं जमिनीला धरून ठेवणारे बोल्ट ढिले झालेले असतात. इथल्या रस्त्यांवर दर हजार-दीड हजार किलोमीटरला ते तपासावेत. भांडं हातानं हलवून पाहा, हललं तर आवळा. आवळताना एकदम जोर लावू नका, आलटून पालटून दोन्हीकडून आवळा, नाहीतर भांड्याला तडा जातो.

बेसिन किंवा न्हाणीच्या जाळीतून वास येत असेल तर संडासाला दोष देऊ नका. त्या पाईपच्या वाकात पाणी थांबलेलं असतं, तेच वायू अडवतं. उन्हात गाडी आठवडाभर उभी राहिली की ते आटतं. प्रत्येक जाळीत अर्धा लिटर पाणी ओता, काम झालं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर त्या पाण्यावर दोन चमचे गोडंतेल सोडा, तेलाच्या थरामुळे पाणी उडून जात नाही.

सर्वांत फसवा दोष हवेच्या पाईपचा. टाकीच्या माथ्यावरून साधारण ४० मिलिमीटरचा पाईप कपाटाच्या मागून छतापर्यंत जातो. टाकीतला वायू वरच्या वर निघून जावा एवढंच त्याचं काम. तो नीट बसवलेला नसेल तर खड्ड्यांच्या हादऱ्यांनी हळूहळू खाली सरकतो. त्यातून दोन गोष्टी होतात. वरचं टोक छताच्या टोपीतून निसटतं आणि वायू छताच्या पत्र्यात व कपाटात कोंडतो. खालचं टोक टाकीत लोंबतं आणि टाकी भरत गेली की पाण्यात बुडतं. मग वायूला जायला एकच वाट उरते, भांड्याची. टाकी रिकामी असताना वास नाही आणि अर्धी भरल्यावर अचानक सुरू होतो, असं असेल तर दुसरीकडे शोधत बसू नका, हाच दोष आहे. पाईप वर उचला, आतलं टोक टाकीच्या माथ्यापासून दोन सेंटिमीटरपेक्षा खाली नको, आणि कपाटातल्या भिंतीला क्लॅम्पनं पक्का करा. जोड सॉल्व्हंट सिमेंटनं चिकटवा. नुसती टेप गुंडाळली तर ती उन्हात सुटते.

छतावर चढलातच तर टोपीही उघडून पाहा. कुंभारमाशी तिथं मातीचं घर हमखास करते. बारीक मच्छरजाळी लावू नका, धुळीनं ती पंधरा दिवसांत बुजते. पाच-सहा मिलिमीटर भोकांची जाळी पुरे. गळतीची जागा सापडत नसेल तर टाकी रिकामी करून धुवा, झडप मिटा आणि आत भांड्याच्या बुडाशी व पाईपच्या जोडांपाशी पेटती उदबत्ती धरा. धूर एका जागी ओढला गेला किंवा उडाला तर हवा तिथूनच ये-जा करते आहे. भरल्या टाकीपाशी हा प्रयोग करू नये, आतल्या वायूत मिथेनही असतो.

टाकीत काय घालावं

डांबरगोळ्या, कापूर, अत्तराचा फवारा, यांनी वास झाकला जातो, मरत नाही. फिनेल आणि ब्लीच तर घालूच नका. मैला विरघळवणारे जिवाणू त्यानं मरतात, आणि ज्याच्या सेप्टिक टँकमध्ये तुम्ही टाकी रिकामी करणार त्याचेही मरतात. शिवाय ब्लीच आणि लघवीतला अमोनिया एकत्र आले की छातीत भरणारा वायू तयार होतो, आणि ब्लीचमध्ये संडास धुण्याचं अॅसिड मिसळलं तर थेट क्लोरीन. बंद गाडीत हा खेळ जिवावर येतो. फॉर्मालिन असलेली निळी औषधंही टाळलेली बरी.

जिवाणूंची किंवा एन्झाईमची पावडर चालते, फक्त ती तळाला पाणी असतानाच काम करते आणि असर दिसायला एखादा दिवस लागतो. तळाचं पाणी टाकतानाच ती पाकिटावरच्या मापानं घाला.

दुसरा उपाय कृषी सेवा केंद्रात मिळतो: कॅल्शियम नायट्रेट, मोसंबी-डाळिंबाच्या बागेला ठिबकमधून सोडतात तेच. त्यातल्या नायट्रेटमधून जिवाणूंना ऑक्सिजन मिळतो, त्यामुळे सडक्या अंड्याचा वायू तयार व्हायचा थांबतो. शहरांच्या मैलावाहिन्यांतही याच कारणासाठी ते वापरतात. ९० लिटरच्या टाकीला १०० ग्रॅमनं सुरुवात करा, बादलीभर पाण्यात विरघळवून तळाच्या पाण्याबरोबर सोडा. पोती ओलाव्यापासून आणि डिझेल-पेट्रोलपासून लांब ठेवा. अमोनियाच्या वासावर मात्र त्याचा उपयोग नाही, तिथं जास्त पाणी आणि लवकर रिकामी करणं हेच खरं.

रिकामी करताना

मैल्याचा व्हॉल्व्ह रोज थोडाथोडा उघडू नये, आणि उघडाच ठेवून तर मुळीच फिरू नये. पातळ निघून जातं, घट्ट मागं राहतं आणि पुन्हा तोच ढीग. टाकी किमान दोन-तृतीयांश, म्हणजे आपल्या हिशोबात ६० लिटर भरू द्या. तिसरा दिवस उजाडला आणि टाकी अर्धीच असेल तर वरून पाणी ओतून ती भरा. रबरी हातमोजे घाला, ७५ मिलिमीटरचा पाईप क्लिपनं पक्का बसवा, दुसरं टोक चेंबरमध्ये वीतभर आत घाला आणि मगच व्हॉल्व्ह एका दमात पूर्ण उघडा. लोंढ्यानंच तळ साफ होतो. धार मंदावली की भांड्यातून दोन बादल्या पाणी सोडा, व्हॉल्व्ह बंद करा आणि मग न्हाणी-बेसिनच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा. साबणाच्या पाण्यानं पाईप आपोआप धुऊन निघतो. हा क्रम उलटा केला तर घाण पाईप तसाच डिकीत जातो, आणि मग तोच वास तुम्ही टाकीत शोधत बसता. पाईपच्या दोन्ही टोकांना टोप्या लावून तो झाकणाच्या डब्यात ठेवा.

जागेचं आधी बोलून ठेवा. लॉज, भक्तनिवास, मंगल कार्यालय, ज्यांचा स्वतःचा सेप्टिक टँक आहे त्यांना विचारा. टाकीत रसायन नाही हे सांगितलं आणि चेंबर धुऊन दिलं तर सहसा नकार मिळत नाही. शहरात सेप्टिक टँक उपसणारी गाडी बोलावता येते. तुळजापूरचं नवरात्र किंवा पैठणची नाथषष्ठी अशा गर्दीत कुणाकडेच सोय उरत नाही, तेव्हा अलीकडच्या गावातच टाकी रिकामी करून पुढे जा. ओढा, नाला किंवा शेताचा बांध ही जागा नव्हे. नाथसागराच्या काठी तर नाहीच, संभाजीनगर आणि जालना तेच पाणी पितात. चेंबरचं झाकण उचलल्यावर वाऱ्याकडे पाठ करून बाजूला उभे राहा, आत वाकू नका, विडी-सिगारेट लांब ठेवा. हायड्रोजन सल्फाईड जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका गेला असं समजू नये.

बोअरच्या पाण्याची खर

बोअरचं जड पाणी आणि लघवी मिळून टाकीच्या भिंतीवर पिवळट खडा धरतो. त्यात मैला अडकतो, आणि टाकी रिकामी असूनही पातळी दाखवणारा दिवा ‘अर्धी’ म्हणतो. वर्षातून दोनदा तो काढावा. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व ७५० ग्रॅम, ३० लिटर कोमट पाण्यात. पण आधी टाकी रिकामी करून दोन पाण्यांनी धुतलीच पाहिजे. मैल्यावर आंबट पाणी पडलं की त्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाईड भसकन बाहेर येतो. द्रावण रात्रभर ठेवा आणि सकाळी वीस-तीस किलोमीटर गाडी चालवा. रस्ता मुद्दाम खराब शोधायची गरज नाही, तो सापडतोच. टाकी साध्या लोखंडाची असेल तर हा उपाय करू नका, प्लास्टिक किंवा स्टेनलेस स्टीलला चालतो. बर्फाचे खडे टाकून गाडी फिरवायची युक्ती बरेच जण सांगतात, पण आपल्या उन्हात घासण्याआधीच बर्फाचं पाणी होतं.

सांडपाण्याची टाकी उन्हाळ्यात संडासटाकीपेक्षाही लवकर नासते. मटणाच्या रश्श्याची तर्री आणि ठेच्याचं तेल पाईपच्या आत थर धरतं आणि तो कुबट, आंबट वास न्हाणीतून येतो. ताटं धुण्याआधी कागदानं पुसा, बेसिनला बारीक जाळी लावा, दर दुसऱ्या दिवशी टाकी सोडा. थर बसलाच असेल तर पाच लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम खायचा सोडा आणि थोडं भांड्यांचं साबण घालून रात्री ओता, सकाळी सोडा.

बाहेर काढता येणाऱ्या १८-२० लिटरच्या डब्याच्या संडासाला हिशोब तोच, फक्त लहान: रिकामा केल्यावर आत दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात रोज रिकामा, आणि सरकत्या झाकणाच्या रबराला महिन्यातून एकदा सिलिकॉन ग्रीस. दोन डबे असतील तर एक धुऊन उन्हात तोंड उघडं ठेवून वाळवता येतो.

पावसाळ्यात गाडी लावून ठेवायची असेल तर दोन्ही टाक्या धुऊन रिकाम्या करा, त्या वाळेपर्यंत व्हॉल्व्ह उघडे ठेवा आणि मग बंद करा, नाहीतर उंदीर-झुरळं पाईपमधून वर येतात. भांड्याच्या झडपेवर मात्र चार बोटं पाणी राहू द्या, रबर कोरडं पडलं की चिरतं.