काइटबोर्डचा फोम आणि आपला नवतपा

गोव्याच्या किनाऱ्यावर काइटबोर्ड, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीनं पाण्यावर चालवायच्या फळ्या, दुरुस्त करायच्या वर्कशॉपात मी सात वर्षं काम केलं. आता विदर्भात पवनीजवळच्या माझ्या गावी, सांदवाडीतल्या जुन्या कोठ्यात तेच काम करतो. बोर्ड पार्सलनं येतात. बऱ्याच बोर्डांची वरची फायबरची कातडी धड दिसते, आतला गाभा मात्र संपलेला असतो.

उडी मारून पाण्यावर आपटताना बोर्डाची एका बाजूची कातडी ताणली जाते, दुसरी दाबली जाते. दोघींना जागेवर धरून ठेवतो तो मधला फोम. टाचेखाली तो चेपला की कातडी अधांतरी राहते आणि मग मोडते.

ईपीएस म्हणजे दाणेदार थर्माकोल. घनमीटरला साधारण 20 ते 30 किलो, म्हणून हलका. पण दाण्यांमधल्या फटींतून तो पाणी ओढतो. आमच्याकडचे ढिवरकाका मासोळीचा थर्माकोलचा डबा उचलूनच सांगतात, "भाऊ, हा पाणी पेला." पीव्हीसी फोमच्या पेशी बंद असतात, तो पाणी जवळजवळ घेत नाही आणि टाचेचा मार सोसतो. त्यामुळे ईपीएसचा बोर्ड घ्यायचा तर वरच्या बाजूला, पाय ठेवतो तिथं, पीव्हीसीचा थर आहे का हे आधी विचारा. थोडे पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

नवा बोर्ड आणला त्याच दिवशी काट्यावर तोला आणि वजन लिहून ठेवा. पुढे वजन वाढलं तर आत पाणी आहे. मग नाण्यानं बोर्डभर ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तिथं कातडी फोमपासून सुटली आहे.

चीर दिसली की भरायची घाई करू नका. चिरेची बाजू खाली ठेवून बोर्ड सावलीत टांगा. वजन उतरायचं थांबेपर्यंत, आठवडा लागो की तीन, थांबा. ओल्या फोमवर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन, धरत नाही. आणि ईपीएसवर पॉलिस्टर रेझिन कधीच नको. त्यातलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं. सुरुवातीला माझ्या हातून एका बोर्डाला असं मुठीएवढं भगदाड पडलं होतं. खड्डा इपॉक्सी आणि मायक्रोबलूननं (पोकळ, बारीक गोळ्यांची हलकी पूड) भरा, घासून सपाट करा, वर काचकापड लावा.

आपल्याकडे वेळ फार महत्त्वाची. सकाळी कापड लावलं की दिवसभर फोम तापतो, आतली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढते. मी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर लावतो. गाभा थंड होताना रेझिन आत ओढून घेतो. उन्हाळ्यात रेझिन थोडं थोडं कालवा आणि पसरट ताटलीत ओता, खोल डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेनं उकळतं.

साध्या तापमानाला वाळलेलं इपॉक्सी 50-60 अंशांच्या आसपास नरम पडू लागतं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, बंद गाडीत किंवा टिनाखाली तेवढं सहज होतं. आतली हवा फुगून कातडी पापडासारखी उचलली जाते. माझे बोर्ड कवेलूच्या खोलीत बाजेखाली असतात. ज्यांना आतली हवा सोडायचा स्क्रू आहे, त्यांचा तो ढिला करून ठेवतो. पाण्यात न्यायच्या आधी तो घट्ट केला का, हे मात्र दोनदा बघा.