केगल करूनही फरक पडत नाही? पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपीत या चुका टाळा

खोकला आला की लघवीचे थेंब सुटतात. बाळंतपणानंतर खाली काहीतरी ओघळल्यासारखं वाटतं. संबंधांच्या वेळी दुखतं. रोज सकाळी कुंथत बसावं लागतं. या तक्रारी वर्षानुवर्षं अंगावर काढल्या जातात, आणि एकदाचं काहीतरी करायचं ठरलं की मोबाइलवर बघून केगल, म्हणजे खालचे स्नायू आवळून सोडण्याचे व्यायाम, सुरू होतात. महिनाभराने फरक दिसत नाही, कुणाचा त्रास तर वाढतो, आणि मग 'व्यायामाने काही होत नाही' असं म्हणून विषय बंद होतो. दोष बहुतेक वेळा व्यायामाचा नसतो. तो न तपासता सुरू केलेला असतो.

पेल्विक फ्लोअर म्हणजे पुढच्या जघनाच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले स्नायू. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार तोच देतो. या झोळीची कामं दोन: वेळेला धरणं आणि वेळेला सोडणं. धरता येत नसेल तर लघवी सुटते, सोडता येत नसेल तर लघवी-शौच अडतं आणि दुखतं. म्हणून पहिला प्रश्न 'किती वेळा आवळू?' हा नसून 'माझे स्नायू सैल आहेत की आवळलेले?' हा आहे.

आवळलेल्या स्नायूंना आणखी आवळणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, धार तुटक येणं, जाऊन आल्यावरही राहिल्यासारखं वाटणं, मेन्स्ट्रुअल कप घालताना किंवा संबंधांच्या वेळी दुखणं, बराच वेळ बसलं की माकडहाडापाशी ठणकणं, शौचाला होत असूनही दाराशी अडकल्यासारखं वाटणं. यातली दोन-तीन लक्षणं असतील तर स्नायू कमजोर असण्यापेक्षा सतत ताणात असण्याची शक्यता मोठी, आणि अशा वेळी केगल केले की दुखणं वाढतं. (लघवीच्या तक्रारीत आधी जंतुसंसर्ग नाही ना, हे तपासून घ्यावं.)

गोंधळ होतो तो इथे: आवळलेले स्नायू असूनही लघवी सुटू शकते. मूठ आधीच घट्ट मिटलेली असेल तर ती आणखी मिटायला जागा उरत नाही. शिंक येते तेव्हा स्नायूला जोर लावायला वावच नसतो. त्यामुळे 'लघवी सुटते म्हणजे स्नायू ढिले' हे गणित दरवेळी बरोबर येत नाही.

अशा व्यक्तीला सुरुवातीचे काही आठवडे फिजिओथेरपिस्ट आवळायला सांगतच नाहीत. उताणं झोपून गुडघ्यांखाली उशी, एक हात पोटावर, एक बरगड्यांवर. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. श्वास आत घेताना श्वासपटल खाली येतं आणि त्याबरोबर ही झोळीही किंचित खाली उतरून सैल होते. ते उतरणं जाणवायला लागणं हाच पहिला टप्पा. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं पुरतात. गरज असेल तर थेरपिस्ट हातमोजा घालून, आतल्या दुखऱ्या बिंदूंवर बोटाने हलका दाब देऊन स्नायू मोकळे करतात. संबंधांच्या वेळी दुखत असेल तर वाढत्या जाडीचे डायलेटर (योनीत घालायच्या गुळगुळीत कांड्या) भरपूर वंगण लावून वापरायला शिकवतात. घाई करून मोठ्या मापाकडे उडी मारली की शरीर पुन्हा आकसून घेतं आणि आठवडाभर मागे जावं लागतं.

वर उचलण्याऐवजी खाली ढकलणं

स्नायू खरोखर कमजोर असले तरी तोंडी सूचना ऐकून अनेकजणी चक्क उलटं करतात: श्वास रोखतात, पोट ताठ करतात आणि खाली जोर देतात. अंग बाहेर येण्याचा त्रास असेल तर हे फार वाईट.

घरच्या घरी तपासायचं असं. उताणं झोपा, गुडघे दुमडा. योनी आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागेवर बोट टेकवा, पातळ कपड्यावरून चालेल. आता वायू सरू नये म्हणून आवळतो तसं मागून सुरुवात करा, ते आकसणं पुढे लघवीच्या मार्गापर्यंत आणा आणि नाभीकडे वर ओढा. बोटाखालची जागा आत-वर सरकली तर बरोबर. बोटावर दाब आला, जागा फुगली, तर तुम्ही ढकलताय, तिथेच थांबा. पुरुषांनी आरसा धरून पाहावं: लिंगाचं मूळ आत ओढलं जातं आणि वृषण किंचित वर उचलले जातात. नितंब दगडासारखे झाले, मांड्या एकमेकींना भिडल्या, तर जोर भलत्याच स्नायूंचा लागतोय. आकसलेलं असताना मोठ्याने पाचपर्यंत मोजून बघा. मोजता येत असेल तर श्वास रोखलेला नाही.

योगातल्या मूलबंधाचा सराव असणाऱ्यांना आकसण्याची जागा लवकर सापडते. पण मूलबंध अनेकदा कुंभकासोबत, म्हणजे श्वास रोखून केला जातो. उपचारातल्या व्यायामात श्वास चालूच ठेवायचा.

आणि लघवी मध्येच थांबवण्याचा 'व्यायाम' करू नका. स्नायू कोणता हे ओळखण्यासाठी एखाद्या वेळी थांबवून पाहिलं तर ठीक, पण रोजची सवय केली तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

पहिल्या भेटीच्या भीतीने जाणंच टाळणं

आत तपासतात हे ऐकूनच अनेकजणी मागे फिरतात. पहिली भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते आणि त्यातला मोठा भाग बोलण्यात जातो: बाळंतपणं किती, टाके पडले होते का, शस्त्रक्रिया, औषधं, बद्धकोष्ठ, पाणी-चहा किती, दुखतं नेमकं केव्हा. नंतर पाठ, कंबर, पोट आणि श्वास बघतात. आतली तपासणी स्वतंत्र संमती घेऊनच करायची असते. ती एका बोटाने, हातमोजा आणि वंगण लावून होते, स्त्रीरोगतज्ज्ञांसारखं उपकरण सहसा लागत नाही. 'मॅडम, आज आतली तपासणी नको' एवढं म्हटलं तरी पुरे. बाहेरून बघून, हात ठेवून किंवा पोटावरून सोनोग्राफी करूनही बरंच कळतं. अविवाहित मुलींनी किंवा कधी संबंध न आलेल्यांनी या कारणासाठी उपचार टाळू नयेत. सोबत नातेवाईक किंवा मदतनीस बाई हवी असेल तर आधीच सांगा. मध्येच दुखलं तर 'थांबा' म्हणायचं. सहन करून पडून राहिलात तर स्नायू आकसतात आणि तपासणीचा निष्कर्षच चुकतो.

पाळी चालू असेल तर भेट रद्द करायची गरज नाही, आतली तपासणी तेवढी पुढे ढकलता येते. गरोदरपणात रक्तस्राव होत असेल, वार खाली असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा बाळंतपणाला सहा आठवडे झाले नसतील, तर हे सगळ्यात आधी सांगा. तेव्हा आतली तपासणी करत नाहीत.

स्नायूंची ताकद ० ते ५ अशी मोजतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. समजा ताकद २ आली, आकसणं तीन सेकंद टिकतं आणि चौथ्यानंतर स्नायू थकतो. मग तुमचा व्यायाम तीन सेकंद गुणिले चार इतकाच. मैत्रिणीचा दहा सेकंद गुणिले दहा तुम्ही केलात तर चौथ्यानंतरचे सगळे नितंबांनी केलेले असतील. १९४८ साली अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगल यांनी आपली पद्धत मांडली, तेव्हा त्यांनीही रुग्णेला दाब दाखवणारं उपकरण दिलं होतं. आपण बरोबर आकसतोय की नाही हे तिला डोळ्यांनी दिसायचं. व्यायामाला त्यांचं नाव राहिलं, तपासण्याची बाजू मात्र बहुतेकांनी सोडून दिली.

तीन दिवसांचा तक्ता न भरणं

भेटीआधी तीन दिवस लघवीची वेळ, माप, प्यायलेलं पाणी-चहा आणि सुटलेले थेंब लिहून न्या. मापासाठी मिलीच्या खुणा असलेला प्लॅस्टिकचा मग पुरतो. एखादी ओळ अशी असते: 'सकाळी ९.४०, ८० मिली, निघण्याआधी म्हणून.' या एका ओळीतून बरंच कळतं. मूत्राशयात साधारण ४०० मिली सहज मावते. ८० मिलीला घाई नव्हतीच, केवळ पुढे सोय नसेल या धास्तीने जाणं झालं. असं दिवसातून सहा वेळा झालं की मूत्राशय थोडक्यातच 'भरलं' म्हणायला शिकतं. लोकलचा दीड तास, शेतावरचं काम, आठवडी बाजार: बायकांसाठी संडासाची सोय नाही हे खरं आहे आणि त्यात त्यांचा काहीही दोष नाही. पण त्यासाठी पाणी तोडणं हा उपाय नव्हे. लघवी घट्ट होऊन जळजळ वाढते, बद्धकोष्ठ होतं आणि दोन्ही तक्रारी बळावतात.

अनावर घाई होते तेव्हा धावू नका. जागीच थांबा किंवा बसा, पाच-सहा झटपट आकसणी करा, श्वास सोडा, कळ ओसरू द्या आणि मग चालत जा. जाण्यातलं अंतर एकदम न वाढवता पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायचं.

संडासातल्या सवयी तशाच ठेवणं

रोज कुंथत असाल तर दिवसभराचा व्यायाम तिथे वाया जातो. उकिडवं बसल्यावर गुदमार्ग बराचसा सरळ होतो. कमोडवर तो फायदा मिळवायला पायांखाली पाट किंवा छोटं स्टूल घ्या, गुडघे कंबरेपेक्षा वर आणा, कोपरं मांड्यांवर टेका आणि तोंड उघडं ठेवून श्वास सोडा. बाहेरच्या कमोडवर अधांतरी राहून लघवी करू नका. त्या अवस्थेत स्नायू सैल पडत नाहीत. कागद अंथरा, पण बसा.

बाळंतिणीचं पोट करकचून बांधणं

पोट आवळलं की आतला दाब नाहीसा होत नाही, तो खाली झोळीवर येतो, आणि झोळी त्या वेळी आधीच ताणलेली असते. हलका आधार चालेल. बांधल्यावर खोल श्वास घेता येत नसेल तर ते घट्ट झालं आहे. दुखत नसेल आणि कॅथेटर (लघवीची नळी) निघालेला असेल तर हलकी आकसणी सव्वा महिना संपायच्या आधीही सुरू करता येतात; टाके जास्त असतील तर डॉक्टरांना विचारून.

दोन आठवड्यांत सोडून देणं

खोकताना-शिंकताना लघवी सुटत असेल तर निदान तीन महिने देखरेखीखाली व्यायाम हवा. दिवसातून तीन वेळा, दर वेळी किमान आठ आकसणी, हे गाठायचं ध्येय. कमजोर स्नायू तिथे हळूहळू पोचतात. प्रत्येक आकसण्यानंतर तेवढाच किंवा त्याहून जास्त वेळ पूर्ण सैल सोडायचं. आधी झोपून, मग बसून, मग उभं राहून. झोपून उत्तम जमणारा व्यायाम उभ्याने कोलमडतो, आणि लघवी तर उभं असतानाच सुटते. खोकला येतोय असं वाटताच आधी आवळा आणि मग खोका. बाळ, कळशी किंवा सिलिंडर उचलताना श्वास सोडत उचला.

विजेची उत्तेजना देणारी यंत्रं स्वतःहून विकत घेऊ नका. ज्यांना अजिबात आकसताच येत नाही त्यांना ती थेरपिस्टच्या सल्ल्याने उपयोगी पडतात. पेसमेकर असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती वापरू नयेत. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या पुरुषांनी व्यायाम आधीच शिकून घ्यावेत. शस्त्रक्रियेनंतर नळी असेपर्यंत ते करायचे नाहीत, नळी काढल्यावर पुन्हा सुरू करायचे.

लघवीतून रक्त, तापासोबत जळजळ, अचानक लघवी बंद होणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा, किंवा पायातली ताकद जाणं, यातलं काहीही दिसलं तर फिजिओथेरपीची वेळ घेत बसू नका, डॉक्टरांकडे जा. शेवटच्या तीन गोष्टींत त्याच दिवशी, रात्र असली तरी.

सहा आठवड्यांनी तीन दिवसांचा तक्ता पुन्हा भरा आणि पहिल्या तक्त्याशेजारी ठेवा. पॅड किती बदलले, रात्री किती वेळा उठावं लागलं आणि 'निघण्याआधी म्हणून' हे शब्द किती ओळींत उरलेत, ते मोजा. आकडे हललेच नसतील तर आकसण्यांची संख्या स्वतःहून वाढवू नका. दोन्ही कागद घेऊन पुन्हा तपासणीला जा.