हाँगकाँगच्या टीव्हीबी मालिका पाहायला सुरुवात कशी करावी

टीव्हीबी ही हाँगकाँगमधील कँटोनीज भाषेची दूरचित्रवाहिनी संस्था १९ नोव्हेंबर १९६७ रोजी सुरू झाली आणि तेव्हापासून तिच्या जेड वाहिनीसाठी इतक्या मालिका तयार झाल्या आहेत, की गाजलेल्या मालिकांची यादी समोर ठेवली तर नवा प्रेक्षक भांबावून जातो. माझे स्पष्ट मत असे आहे, की यादी बाजूला ठेवून एखादा नट धरावा आणि त्याच्या मागोमाग जावे. या संस्थेने वर्षानुवर्षे नटांना करारावर ठेवून आपल्याच स्टुडिओत मालिका केल्या, त्यामुळे एकाच चेहऱ्याचा नट कधी पोलीस, कधी वकील, तर कधी राजदरबारातला सेवक म्हणून भेटतो, आणि अभिनयाचा खरा कस अशा बदलांतच दिसतो.

आरंभासाठी वेन लाय हा नट मला सर्वांत योग्य वाटतो. प्रथम १९९६ मधील ‘जर्नी टू द वेस्ट’चे काही भाग पाहावेत, तेथे तो डुकराचे नाक आणि मोठे कान लावून झू बाज्ये या वराहरूपी पात्राची विनोदी भूमिका करतो. त्यानंतर २००९ मधील ‘रोझी बिझनेस’ ही मालिका मात्र सलग पाहावी. चीनमधील छिंग राजवटीच्या अखेरच्या काळातील धान्यव्यापाऱ्याच्या घराण्याची ही कथा असून त्यात वेन लाय छाय काऊ या हमालाच्या, तर शेरेन टांग व्यापाऱ्याच्या चौथ्या पत्नीच्या भूमिकेत आहे. दीर्घकाळ दुय्यम भूमिका केलेल्या या नटाला याच कामासाठी टीव्हीबीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. लगेच २०१० मधील ‘नो रिग्रेट्स’ घ्यावी. नायक-नायिका तीच, पण काळ दक्षिण चीनमधील ग्वांगचौ शहरावरील जपानी आक्रमणाचा, आणि तो पोलीस अधिकारी तर ती अफूचा धंदा चालवणाऱ्या घराण्यातील. पहिल्या मालिकेतील हमाल आणि मालकीण यांच्यातील अदब येथे कशी नाहीशी होते आणि तिच्या जागी कोणती सावधगिरी येते, हे दोघांच्या समोरासमोरच्या प्रसंगांत बारकाईने पाहावे. दोन मालिका लागोपाठ पाहण्याचे सारे सुख मला त्यात सापडते.

जुन्या मालिकांकडे यानंतर वळावे, कारण त्यांची संथ गती आणि स्टुडिओतील नेपथ्य यांना डोळा सरावावा लागतो. टीव्हीबीने १९७१ मध्ये नटांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केला आणि पुढे चित्रपटांतून जगभर पोहोचलेले चाव युन-फॅट, अँडी लाव आणि टोनी लेउंग चिउ-वाय हे तिघेही त्याच वर्गातून आले. शांघायच्या गुन्हेगारी जगतावरील ‘द बंड’ (१९८०) चावसाठी पाहावी. लाव आणि लेउंग यांना एकत्र पाहायचे असेल, तर ‘द ड्यूक ऑफ माउंट डिअर’ (१९८४) ही चाळीस भागांची मालिका उत्तम आहे. तिच्यात लेउंग चलाख वाय सिउ-बो आणि लाव तरुण सम्राट कांगशी साकारतो.

शोध घेताना नावांची अडचण हमखास येते. अँडी लाव याचे कँटोनीज नाव लाव टाक-वा आहे, तर मँडरिन या चीनच्या प्रमाणभाषेतील उच्चाराप्रमाणे तेच ल्यू दहुआ होते. म्हणून नटाची तिन्ही नावे, आणि जमल्यास चिनी लिपीतील नावही, टिपून ठेवावे. मँडरिन डबिंग असलेली आवृत्ती सहज मिळाली, तरी मूळ कँटोनीज ध्वनी आणि सबटायटल हीच जोडी निवडावी. डबिंगमध्ये बहुतेक वेळा दुसऱ्याच व्यक्तीचा आवाज ऐकू येतो आणि मग नटाचे अर्धे काम हातातून निसटते.

बऱ्याच मालिका वीस ते तीस भागांच्या असतात. मूळ प्रक्षेपण बहुधा सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग असे होत असल्यामुळे प्रत्येक भागाची अखेर उत्सुकता ताणून धरते, तेव्हा दिवसाला एक-दोन भागच पाहणे बरे. पुढची मालिका निवडताना टीव्हीबीच्या वार्षिक पुरस्कारांतील सहायक अभिनेते आणि अभिनेत्री यांची नामांकने चाळावीत. त्यांपैकी जो चेहरा आधी पाहिलेल्या मालिकेत लक्षात राहिला होता, त्याचेच काम पुढे घ्यावे.