पहिले सुतारकाम: घरच्या घरी सागवानी पाट

सुतारकाम नव्याने शिकणाऱ्याने खुर्चीला किंवा टेबलाला हात घालण्याआधी एक साधा बसायचा पाट करावा, असे मी आग्रहाने सांगेन. फळ्या जोडणे, रंधा मारणे, आडव्या पट्ट्या बसवणे ही टेबलाच्या माथ्याला पुढे लागणारी सारी कामे पाटात लहान प्रमाणात येतात, आणि लाकूड वाया गेलेच तर थोडेच जाते.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्यावी. लाकूड हवेतील ओलावा शोषून फुगते आणि तो सोडून आकसते. मात्र ही हालचाल लाकडाच्या रेषांना आडवी, म्हणजे फळीच्या रुंदीत होते, लांबीत ती जवळपास नसतेच. नाशकात जुलै-ऑगस्टची दमट हवा आणि एप्रिल-मेचे कोरडे ऊन यांत मोठी तफावत असते, त्यामुळे 12 इंच रुंदीचा पाट या दोन टोकांमध्ये एक सुतापर्यंत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागापर्यंत, कमीजास्त होऊ शकतो. माझा पहिला पाट मी गणपतीच्या तोंडावर, भर पावसाळ्यात केला आणि खालच्या पट्ट्या पूर्ण लांबीभर गोंदाने चिकटवल्या. होळीनंतर एका दुपारी तो टणकन आवाज करून मधोमध तडकला. फळ्यांना आकसायचे होते आणि पट्ट्यांनी त्यांना जागचे हलू दिले नाही, एवढेच त्यात घडले होते. खाली सांगितलेली पट्ट्यांची रीत त्या भेगेतून शिकलेली आहे.

लाकूड वखारीतून घेताना फळी डोळ्यासमोर धरून लांबीत पाहावी. पीळ असेल तर ती परत ठेवावी. टोकांच्या भेगा आणि कडेचा पांढरट भाग टाळावा, कारण कीड आधी तिथेच लागते. जुन्या नाशकातील वाडे उतरवताना निघणारे सागवान मिळाले तर फारच उत्तम, कारण ते वर्षानुवर्षे मुरलेले असते. पण त्यावरून आधी लोहचुंबक फिरवावे, कारण आत राहिलेला एखादा खिळा रंध्याचे पाते क्षणात खराब करतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत येणाऱ्या खोक्यांचे पाइन सरावाला चालते, फक्त त्यावर ‘एचटी’ शिक्का असावा, म्हणजे ते उष्णता देऊन निर्जंतुक केलेले असते; ‘एमबी’ शिक्क्याचे लाकूड विषारी वायूची धुरी दिलेले असते, ते घरात आणू नये. कोणतेही लाकूड आणल्यावर दोन-तीन आठवडे घरातच, मध्ये काड्या घालून, हवेशीर रचून ठेवावे.

पाट 16 इंच लांब आणि 12 इंच रुंद धरू. त्यासाठी चार इंचांहून किंचित रुंद, 17 इंच लांब आणि रंधा मारून सहा सूत जाड राहतील अशा तीन फळ्या लागतात. जोडाच्या कडा सरळ करणे हे या कामातले खरे कौशल्य आहे, आणि तिथे घाई करू नये. शेजारी येणाऱ्या दोन फळ्या पुस्तक मिटल्यासारख्या एकमेकींना लावून, कडा वर करून शिकंजात धराव्यात आणि दोन्हींवर एकदम रंधा मारावा. रंधा थोडा कलला तरी एका कडेचा कल दुसरीच्या कलाला भरून काढतो आणि उलगडलेल्या फळ्या सपाट जुळतात. मग एक कड दुसरीवर उभी ठेवून खिडकीच्या उजेडासमोर धरावी. फटीतून उजेडाची रेघ दिसत असेल तर जिथे कडा एकमेकींना टेकतात त्या उंचवट्यावर पुन्हा पातळ पापुद्रा काढावा, आणि रेघ पूर्ण नाहीशी होईपर्यंत हे करत राहावे.

कडांना फेविकॉल पातळ आणि सर्वत्र लावावा. लांब क्लॅम्प नसतील तर एका जाड, सपाट फळीवर प्लास्टिक अंथरून दोन्ही बाजूंना पट्ट्या ठोकाव्यात आणि मधल्या जागेत पाचरांची जोडी समोरासमोर ठोकून फळ्या दाबाव्यात. सांध्यावर गोंदाचे बारीक थेंब सारख्या अंतराने आले की दाब पुरेसा समजावा. ते थेंब ओले असताना पुसू नयेत, अर्धवट घट्ट झाल्यावर पटाशीने उचलून काढावेत. रात्रभर तसेच ठेवून मग टोके गुण्या (काटकोन आखायचे साधन) लावून 16 इंचांवर कापावीत.

खालच्या दोन पट्ट्या एक इंच रुंद, दीड इंच उंच आणि 11 इंच लांब असाव्यात. प्रत्येकीत तीन छिद्रे पाडावीत आणि स्क्रूचे डोके आत बसण्यासाठी पट्टी खालून मोठ्या छिद्राने पाऊण इंच खोल पोखरावी. मधले छिद्र स्क्रूपुरते घट्ट ठेवावे. कडेची दोन मात्र पट्टीच्या लांबीच्या दिशेने दोन सूत लांबट करावीत. सव्वा इंची स्क्रू वॉशरसह बसवावेत, म्हणजे फळीत अर्धाच इंच शिरतील. गोंद हवाच असेल तर फक्त मधल्या स्क्रूपाशी लावावा.

पॉलिश पेपर 80, 120 आणि 180 नंबरचा, या क्रमाने रेषेच्या दिशेनेच घासावा. सागवानाची धूळ नाकाला झोंबते, म्हणून तोंडाला फडके बांधावे. नंतर जवसाच्या ‘बॉइल्ड’ तेलाचा (ते तयारच मिळते, घरी उकळू नये) फडक्याने पातळ हात देऊन पंधरा मिनिटांनी उरलेले पुसून घ्यावे. तेल लागलेल्या फडक्यांचे बोळे चुरगळून कचऱ्यात टाकू नयेत, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवावेत. दुसरा हात दुसऱ्या दिवशी द्यावा आणि पाट आठवडाभर उभा ठेवून मग वापरायला काढावा. पुढच्या वैशाखात तो एकदा उलटा करून कडेचे स्क्रू सैल झाले असतील तर हलक्या हाताने आवळावेत.